नळी निघाल्यानंतर

छातीतली नळी काढायला काही सेकंद पुरतात. खोल श्वास घ्या, धरून ठेवा, असे म्हणेपर्यंत डॉक्टर ती सर्रकन ओढतात, आधीच घालून ठेवलेल्या टाक्याची गाठ आवळतात आणि वर पट्टी लावतात. संध्याकाळी एक्सरे होतो. सगळे ठीक असेल तर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी हातात डिस्चार्ज कार्ड पडते. त्यावर गोळ्यांची यादी, फेरतपासणीची तारीख आणि तळाशी दोन शब्द: ‘विश्रांती घ्यावी’. ज्या पुस्तिकेची ही प्रस्तावना, ती त्या दोन शब्दांमुळे लिहावी लागली असे म्हटले तरी चालेल.

कारण आपल्या घरांत विश्रांती म्हणजे आडवे पडणे. रुग्ण यायच्या आधीच पुढच्या खोलीतला दिवाण आवरला जातो. पाण्याचा तांब्या उशाशी येतो, जेवणाचे ताट मांडीवर येते. ‘हलू नकोस, टाके तुटतील’, ‘बोलू नकोस, दम लागेल’, ‘खोकला दाब जरा’ अशा सूचना चारी बाजूंनी सुरू होतात. माया खरी असते, त्यात शंका नाही. पण नुकतेच फुगलेले फुफ्फुस दिवसभर पाठीखाली दाबून ठेवले की त्याचा मागचा आणि तळाचा भाग पुन्हा मिटू लागतो. दुखते म्हणून माणूस वरवरचे श्वास घेतो, खोकत नाही, बेडका तिथेच साचतो. मग ताप येतो, आणि बरा होऊन घरी गेलेला माणूस रिक्षात बसून परत येतो. गेली अनेक वर्षे छातीचे रुग्ण तपासताना हे चित्र इतक्यांदा पाहिले आहे की नळी काढल्यावर मी आता नातेवाइकांशी रुग्णापेक्षा जास्त वेळ बोलतो.

पुस्तिका कोणासाठी आहे ते आधी सांगतो. छातीत पाणी किंवा पू झाला म्हणून नळी टाकावी लागलेले रुग्ण आपल्याकडे सर्वांत जास्त, आणि त्यांच्यात क्षयाचे पुष्कळ. नंतर अपघातात बरगड्या मोडून छातीत रक्त साचलेले, फुफ्फुसाला भोक पडून हवा साठलेले, आणि फुफ्फुसाचा तुकडा किंवा त्यावरची घट्ट साल काढण्याचे ऑपरेशन झालेले. या सगळ्यांचे आजार वेगळे, औषधे वेगळी. तरी घरी पोचल्यावर पहिल्या दीड-दोन महिन्यांत करायचे काम बरेचसे सारखे आहे. हृदयाच्या ऑपरेशननंतरची पथ्ये यात नाहीत. तिथे छातीचे मधले हाड कापलेले असते, त्याचे नियम निराळे.

छातीत नेमके काय घडते हे समजले की पुढच्या सूचना पाठ कराव्या लागत नाहीत. फुफ्फुसावर एक पातळ आवरण असते आणि छातीच्या आतल्या भिंतीवर दुसरे. दोन्हींच्या मध्ये चमचा-दोन चमचे द्रव असतो, बस. ओल्या काचेच्या दोन तुकड्यांसारखे ते एकमेकांवर सरकतात, पण ओढून सुटे होत नाहीत. छातीची भिंत बाहेर गेली की फुफ्फुसही तिच्याबरोबर बाहेर ओढले जाते. त्याला स्वतःचे स्नायू नाहीत. ते छातीच्या भिंतीला आणि छाती-पोटामधल्या पडद्याला चिकटून फुगते. मध्ये हवा, पाणी, पू किंवा रक्त शिरले की ही चिकटण सुटते आणि फुफ्फुस आक्रसते. नळीने ती मधली जागा रिकामी होते. पण रिकाम्या झालेल्या जागेत फुफ्फुस पूर्ण पसरून भिंतीला पुन्हा टेकले पाहिजे. नाही टेकले तर उरलेल्या पोकळीत पुन्हा काहीतरी साचते, किंवा जाड साल धरून फुफ्फुस कायमचे जखडते. टेकवण्याचे काम नळी थोडे करते, बाकीचे श्वास आणि खोकला करतात. नळी निघाल्यावर तेवढेच उरतात.

नळीची बाटली ज्यांनी पाहिली आहे त्यांना तिच्यातले पाणी श्वासाबरोबर वरखाली होताना दिसले असेल. नळीचे टोक पाण्याखाली साधारण दोन सेंटिमीटर बुडवलेले असते. छातीतली हवा बुडबुडे होऊन बाहेर पडते, बाहेरची आत जाऊ शकत नाही. ही युक्ती हॅम्बुर्गच्या गोटहार्ड ब्यूलाऊ या डॉक्टरांनी १८७५ मध्ये छातीतल्या पुवासाठी वापरली. दीडशे वर्षे झाली, प्लास्टिक आले, डबे आले, तत्त्व तेच आहे. त्याची खरी किंमत कळायला मात्र १९१८ ची साथ यावी लागली. इन्फ्लुएन्झाच्या त्या लाटेत अमेरिकी लष्करी छावण्यांत हजारो तरुण सैनिकांच्या छातीत पू झाला. शल्यचिकित्सक त्या काळच्या रीतीप्रमाणे लगेच बरगडीचा तुकडा काढून छाती उघडत, आणि सुमारे ३० टक्के रुग्ण दगावत. एव्हर्ट्स ग्रॅहम आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या लष्करी समितीने दाखवले की पू पातळ असताना, फुफ्फुस भिंतीला चिकटण्यापूर्वी छाती उघडली तर बाहेरची हवा आत घुसते आणि माणूस तिनेच मरतो. हवाबंद मार्गाने पू काढा, पोकळी भरून येईल असे पाहा, आणि रुग्णाला पोटभर खाऊ घाला, अशी त्यांची तीन सूत्रे होती. मृत्यूचे प्रमाण पाच टक्क्यांच्या खाली आले. तिसऱ्या सूत्राकडे वाचकांनी लक्ष द्यावे, त्याची पुढे गरज पडणार आहे.

(याच ग्रॅहम यांनी १९३३ मध्ये कर्करोगासाठी एक अख्खे फुफ्फुस काढण्याचे पहिले यशस्वी ऑपरेशन केले. रुग्ण स्वतः डॉक्टर होता. एका फुफ्फुसावर त्याने पुढे अनेक वर्षे व्यवसाय केला. ग्रॅहम मात्र बरीच वर्षे सिगारेट ओढत राहिले आणि १९५७ मध्ये फुफ्फुसाच्या कर्करोगानेच गेले. त्यांचा रुग्ण त्यांच्यानंतरही हयात होता. ‘एकच फुफ्फुस उरले, आता काय जगणार’ असे म्हणणाऱ्यांना मी ही हकीकत सांगतो.)

मग ‘हलू नकोस’ हे आपल्या आज्यांच्या तोंडी आले कुठून? ते अडाणीपणातून आले असे मला वाटत नाही. ते त्या काळच्या उत्तम वैद्यकातून आले आहे. क्षयावर औषध नव्हते तेव्हा विश्रांती हाच उपचार होता. पाचगणीच्या बेल-एअरमध्ये, मिरजेजवळच्या वानलेसवाडीत, व्हरांड्यात ओळीने खाटा टाकून रुग्णांना महिनोन्‌महिने पडून राहायला सांगत. बोलणेसुद्धा मोजून. इटलीच्या कार्लो फोर्लानिनींनी १८८२ मध्ये सुचवलेला उपाय तर आजच्या वाचकाला उफराटा वाटेल: छातीत सुईने मुद्दाम हवा भरायची, म्हणजे आजारी फुफ्फुस मिटून निजेल आणि त्यातली पोकळी बंद होईल. ती हवा हळूहळू जिरते, म्हणून रुग्णांनी ठरलेल्या दिवशी पुन्हा भरून घ्यायला जायचे. आज आम्ही जी हवा काढण्यासाठी धावपळ करतो, तीच त्या काळी उपचार म्हणून भरली जात होती. ज्या घरात आजोबांनी सॅनेटोरियम पाहिले, त्या घरात फुफ्फुसाला झोपवायचे असते ही समजूत राहणारच. औषधे आली, उद्दिष्ट उलटे झाले, घराला ते कोणी सांगितलेच नाही.

सांगायला हवे होते, कारण त्याचा पुरावा आपल्याच देशात तयार झाला. १९५६ मध्ये मद्रासला क्षयाच्या औषधोपचाराचे संशोधन केंद्र सुरू झाले. तिथे १९३ रुग्णांची दोन गटांत वाटणी केली. एक गट वर्षभर सॅनेटोरियममध्ये: चांगला आहार, परिचारिका, सक्तीची विश्रांती. दुसरा गट शहरातल्या आपल्या दाटीवाटीच्या घरांत: तुटपुंजे जेवण, घरकाम, कामधंदा. औषधे दोघांना तीच. १९५९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले तेव्हा बरे होण्याचे प्रमाण दोन्हीकडे जवळजवळ सारखे निघाले, आणि घरी राहिलेल्यांच्या कुटुंबीयांना जास्त लागण झालेली नव्हती. जगभरची सॅनेटोरियमे रिकामी होण्यामागे या अभ्यासाचा मोठा हात आहे. तो नळीचा किंवा ऑपरेशनचा अभ्यास नव्हता, हे ध्यानात ठेवूनही मला त्याचा आधार वाटतो. दोन खोल्यांचे घर, जिना, नळावरची रांग, या सगळ्यांत राहून छातीचा रुग्ण बरा होऊ शकतो, आणि त्याला खाटेवर जखडून ठेवल्याने काही मिळत नाही.

आता दुखण्याबद्दल, कारण तिथेच सगळे अडते. प्रत्येक बरगडीच्या खालच्या कडेला लागून एक नस जाते. नळी टाकताना तिला वाचवायचे म्हणून खालच्या बरगडीच्या वरच्या कडेवरून शिरतात. तरी ती थोडीफार दुखावतेच, ऑपरेशनमध्ये तर जास्त. ही नस पाठीतून निघून बगलेखालून पुढे स्तनाखाली, पोटाच्या वरच्या भागापर्यंत येते. म्हणून जखम बगलेत आणि आग पुढे, असे होते. सदऱ्याचे कापड घासले तरी चुरचुरते, काही भाग बधिर लागतो, मध्येच वीज चमकल्यासारखी कळ येते. डाव्या बाजूला असेल तर घरचे हार्ट अटॅक समजून रात्री पळापळ करतात. बहुतेकांचे हे काही आठवड्यांत ओसरते, काहींचे महिनोन्‌महिने रेंगाळते, आणि त्यासाठी नसांच्या दुखण्याची वेगळी औषधे असतात. ‘किडनी खराब होते’ म्हणून वेदनाशामक गोळी लपवून ठेवणारे नातेवाईक मला दर महिन्याला भेटतात. डॉक्टरांनी तुमचे वय, किडनी, पोट पाहून लिहिलेली गोळी ठरलेल्या वेळी घ्यावी, आणि श्वासाचे व्यायाम तिच्यानंतर अर्ध्या-पाऊण तासाने करावेत. सहन करण्यात इथे काही मर्दुमकी नाही. जो दुखणे सहन करतो तो खोल श्वास घेत नाही. काही वेदनाशामकांनी शौचाला खडा होतो आणि कुंथताना छाती फाटल्यासारखी वाटते. तेव्हा पाणी, पालेभाजी आणि लागलेच तर रात्री इसबगोल.

तीन चेंडूंचे यंत्र आता बहुतेकांना घरी देतात. त्यावर ६००, ९००, १२०० असे आकडे असतात आणि निम्मे लोक ते फुगा फुगवल्यासारखे फुंकतात. ते ओढायचे असते. सरळ बसून, ओठ घट्ट धरून, हळू. चेंडू झटक्यात वरच्या टोकाला आपटण्यापेक्षा एक-दोन चेंडू वर तरंगत ठेवणे कठीण आणि तेच उपयोगाचे. घरात नातवंडे असली तर स्पर्धा लागते. लागू द्यावी, फक्त तोंडात धरायची नळी ज्याची त्याने वापरावी. यंत्र नसेल तरी बिघडत नाही. जागेपणी दर तासाला आठ-दहा खोल श्वास, प्रत्येक श्वास वरती क्षणभर धरून, आणि शेवटी उशी जखमेवर दोन्ही हातांनी दाबून दणदणीत खोकला. टाके खोकल्याने तुटत नाहीत.

खांद्याचे कोणी सांगत नाही. ज्या बाजूला जखम त्या बाजूचा हात माणूस नकळत अंगाशी धरून ठेवतो आणि दोन महिन्यांत खांदा आखडतो. मग फुफ्फुस बरे झालेल्या माणसाला स्वतःची वेणी घालता येत नाही की फळीवरचा डबा काढता येत नाही. भिंतीवर बोटे चालवत हात वर नेणे, दिवसातून चार वेळा, एवढ्याने ते टळते. जड उचलणे ही वेगळी गोष्ट: भरलेली घागर, गॅसचे सिलिंडर, कडेवरचे मूल, हे डॉक्टर हो म्हणेपर्यंत नाही. दुचाकीही नाही. आपल्या रस्त्यांवर तर नाहीच.

‘आहार’ या प्रकरणावरून घरोघरी भांडणे होणार आहेत याची मला कल्पना आहे. पू होऊन गेलेल्या छातीतून लिटरभर किंवा जास्त प्रथिनयुक्त द्रव बाहेर गेलेला असतो, आणि नेमके तेव्हाच घरात बंदी सुरू होते: डाळ बंद, टाके पिकतील, केळे आणि दही बंद, कफ होईल, भात बंद, पाणी धरेल, अंडे उष्ण. उरते काय, तर चहा-बिस्किट आणि भेटायला येणाऱ्यांनी आणलेली मोसंबी. डाळीने टाके पिकत नाहीत. मटकीची उसळ, शेंगदाण्याची चटणी, अंडी, दूध, सुकट, जे घरात चालते आणि परवडते ते दोनदा वाढा. ग्रॅहम यांचे तिसरे सूत्र ते हेच. मधुमेह किंवा किडनीचा विकार असेल तर प्रमाण डॉक्टरांना विचारून.

धुराचे प्रकरण मी दोनदा वाचले आणि लेखकांना ते वाढवायला सांगितले. बिडी-सिगारेट सोडायला सगळेच सांगतात. पण चुलीचा धूर, मिसरी भाजतानाचा धूर, डासांची कॉइल, रुग्णाच्या बऱ्यासाठी केलेला धूप, आणि लाल मिरचीच्या फोडणीचा ठसका? नुकत्याच शिवलेल्या छातीला तो ठसका काय करतो हे एकदा अनुभवलेला माणूस विसरत नाही. चाळीतल्या एका खोलीत स्वयंपाक आणि रुग्ण एकत्रच असणार. तेव्हा फोडणीच्या वेळी त्याने गॅलरीत एक चक्कर मारून यावी. चालणेही होते.

रुग्ण जेव्हा बाई असते तेव्हा यातले बरेचसे उलटे होते. पुरुषाला उठू देत नाहीत, बाईला चौथ्या दिवशी भांडी घासायला उठवतात, किंवा ती आपणहून उठते. तिला झोपून राहण्याचा धोका कमी, थकव्याचा आणि वजन उचलण्याचा जास्त. शिवाय नळीची जखम नेमकी ब्राच्या पट्ट्याखाली येते आणि याबद्दल तिच्याशी कोणीच बोलत नाही. सैल, पुढून उघडणारा सुती गाऊन आणि जखम भरेपर्यंत पट्टा नाही, एवढे डिस्चार्ज कार्डावर छापायला हरकत नसावी.

क्षयामुळे पाणी झालेल्यांसाठी एक गोष्ट मी इथेच सांगून टाकतो. नळी निघाली, ताप गेला, भूक लागली की दुसऱ्या महिन्यात गोळ्या सुटतात, कारण ‘पाणी तर गेलं’. उपचार साधारण सहा महिन्यांचा आहे आणि तो पाण्यावर नव्हे, जंतूंवर आहे. लघवी नारिंगी होते ती रिफाम्पिसिनमुळे, घाबरू नये. नजर अंधूक झाली किंवा डोळे पिवळे दिसले तर मात्र त्याच दिवशी दाखवावे. सरकारच्या निक्षय पोषण योजनेत उपचार चालू असेपर्यंत दरमहा मिळणारे ५०० रुपये नोव्हेंबर २०२४ पासून १००० झाले आहेत. बँकेचे खाते जोडलेले नाही म्हणून ते अडकून पडतात, तेव्हा आरोग्य केंद्रात पाठपुरावा करावा. आणि ताटवाटी वेगळी करण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे: क्षय फक्त आवरणाचा आहे की फुफ्फुसातही? फक्त आवरणाचा असेल तर तो सहसा दुसऱ्याला लागत नाही.

काही जण नळीसकट घरी येतात. पिशवी नेहमी छातीच्या खाली, झोपताना आणि एस.टी.त चढतानाही. बुडबुडे येत असलेली नळी कधीही चिमटा लावून बंद करायची नाही. ती निसटून बाहेर आली तर स्वच्छ कापडाने भोक दाबून धरायचे आणि निघायचे. जुन्या पुवासाठी छातीला खिडकी ठेवलेले रुग्णही आहेत. लिओ एलेसर यांनी १९३५ मध्ये वर्णन केलेली ती शस्त्रक्रिया आपल्याकडे अजून लागते. अशा माणसाची पट्टी त्याची बायको किंवा मुलगा महिनोन्‌महिने बदलतो. त्या हातांसाठी चित्रांसह सोळा पाने दिली आहेत.

न थांबता रुग्णालय गाठायची लक्षणे पहिल्याच पानावर मोठ्या अक्षरांत आहेत: एकाएकी वाढलेला दम, थंडी वाजून ताप, जखमेतून पू किंवा दुर्गंधी, गळ्याखाली किंवा छातीवर बोट दाबले की कातडीखाली कुरकुर, खोकल्यातून रक्त, एका पायाला सूज. ते पान फाडून भिंतीला लावावे, पुस्तिका खराब होईल याची फिकीर करू नये.

शेवटचे प्रकरण प्रवासाचे आणि कामाचे आहे. कोकणातली पुष्कळ मुले आखातात आणि जहाजांवर आहेत, रजा संपत आली की त्यांना तिकिटाची घाई असते. विमानात हवेचा दाब कमी होतो आणि छातीत थोडी हवा उरली असेल तर ती फुगते. म्हणून हवा साठलेल्या रुग्णाने एक्सरेत फुफ्फुस पूर्ण भरलेले दिसल्यावरही निदान आठवडाभर थांबावे आणि डॉक्टरांचे पत्र बरोबर ठेवावे. असा त्रास उंच, सडपातळ, सिगारेट ओढणाऱ्या तरुणांना जास्त होतो आणि साधारण तिघांतल्या एकाला पुन्हा होतो. मालवण-तारकर्लीला पर्यटकांना समुद्रतळ दाखवणारी पोरे याच वयाची आहेत. खोल पाण्यातून वर येताना उरलेली हवा जीव घेऊ शकते, त्यामुळे ज्याच्या फुफ्फुसाला आपोआप भोक पडले त्याने टाकी बांधून पाण्यात उतरणे, दोन्ही बाजूंचे कायमचे ऑपरेशन झाले असल्याखेरीज, बंद. बोट चालवता येते, काठावरचे काम करता येते. हे त्याला नळी काढायच्या दिवशीच सांगावे, आणि त्याच्या बोटमालकालाही.